सर्व्होचा आवाज: दोष शोधण्याची रीत

रेडिओ-नियंत्रित गाडीचा स्विच चालू केल्यावर, गाडी जागेवर उभी असतानाच पुढच्या चाकांपाशी बारीक गुणगुण सुरू झाली, की अनेकजण सर्व्हो, म्हणजे चाके वळवणारी मोटरची छोटी डबी, बिघडला असे समजतात आणि नवा मागवून मोकळे होतात. पुष्कळदा नवा सर्व्होही तसाच गुणगुणतो. आवाज येतो याचा अर्थ आतली मोटर काम करते आहे; उभ्या गाडीत तिला काम का करावे लागते, हे शोधायचे असते. त्याचे उत्तर बहुतेक वेळा सर्व्होच्या बाहेरच सापडते, म्हणून सर्व्हो उघडण्याचे काम येथे मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

सर्व्होच्या डबीत एक छोटी मोटर, गिअरची साखळी, शेवटच्या गिअरला जोडलेला पोटेन्शिओमीटर (तो गिअर किती फिरला हे कळवणारा भाग) आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारे सर्किट असते. रिसीव्हरकडून साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो, तो १.५ मिलिसेकंदाचा असेल तर चाके सरळ राहतात, १ किंवा २ मिलिसेकंदांकडे झुकला तर ती एका अथवा दुसऱ्या बाजूला वळतात. स्पंदाने मागितलेली जागा आणि पोटेन्शिओमीटरने कळवलेली जागा यांत फरक उरला, की तो मिटेपर्यंत सर्किट मोटरला विजेचे छोटे धक्के देत राहते, आणि तेच आपल्याला गुणगुण म्हणून ऐकू येतात. अ‍ॅनालॉग सर्व्होत हे धक्के सेकंदाला सुमारे ५० असतात, तर डिजिटल सर्व्होत ३०० किंवा त्याहूनही अधिक. त्यामुळे डिजिटल सर्व्होचा स्वर उंच लागतो आणि थोडे ओझे असताना त्याने हलके गुणगुणणे हा दोष नव्हे.

पहिली परीक्षा सोपी आहे. गाडी अशा ठोकळ्यावर ठेवावी, की चारही चाके अधांतरी राहतील. आवाज थांबला तर टायर जमिनीला घासत असल्यामुळे चाके पूर्ण वळू शकत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. उभ्या गाडीत हे चालायचेच. आवाज थांबला नाही, तर हॉर्नपासून, म्हणजे सर्व्होच्या बाहेर आलेल्या शाफ्टवर बसवलेल्या छोट्या हातापासून, स्टीअरिंगची दांडी सोडवावी. आता सर्व्हो शांत झाला, तर तो निर्दोष आहे आणि अडथळा पुढच्या जोडणीत आहे, हे निश्चित झाले.

या टप्प्यावर घाई करू नये. दांडी सुटलेली असताना चाके एका बोटाच्या हलक्या स्पर्शाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली पाहिजेत; कोठे अडली, तर तेथे खडा, सुकलेला चिखल, गंजलेले बेअरिंग किंवा गरजेपेक्षा जास्त आवळलेला स्क्रू शोधावा. माझ्या एका गाडीत मी लागोपाठ दोन सर्व्हो बदलले तरी गुणगुण जाईना. शेवटी दांडीचे एक टोक सोडवले, तेव्हा ती दुसऱ्या टोकाच्या बॉलवर आडवी तशीच तरंगत राहिली, खाली पडलीच नाही. प्लॅस्टिकची नवी वाटी बॉलला इतकी घट्ट बसली होती, की दोन्ही सर्व्हो त्या घर्षणाशी झगडत होते. वाटी बॉलवर असतानाच सपाट तोंडाच्या पकडीने तिला चारी बाजूंनी हलकेच दाबले आणि दांडी आपल्या वजनाने खाली लोंबू लागली; त्यानंतर पहिला सर्व्हो परत बसवला, तो आजही त्याच गाडीत शांतपणे चालतो आहे. तेव्हापासून प्रत्येक सांधा मी याच पद्धतीने तपासतो.

जोडणी मोकळी झाली, तरी हॉर्न चुकीच्या दात्यावर बसला असेल तर आवाज राहतो. ट्रान्समीटरचे ट्रिम (मध्याची जागा किंचित सरकवण्याची सोय) शून्यावर आणावे, गाडीला वीज द्यावी, सर्व्हो मध्यावर येऊ द्यावा आणि मगच हॉर्न दांडीशी शक्य तितका काटकोनात बसवावा. उरलेला किरकोळ फरक ट्रान्समीटरमधील सब-ट्रिमने, म्हणजे मध्याच्या बारीक जुळणीने, काढावा. आउटपुट शाफ्टवर कंपनीनुसार २३, २४ किंवा २५ दाते असतात, त्यामुळे दुसऱ्या मापाचा हॉर्न दाबून बसवण्याचा मोह टाळावा.

सर्वांत जास्त सर्व्हो जळतात ते एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होने एका बाजूला कुठवर फिरावे याची ट्रान्समीटरवर लावलेली मर्यादा, चुकल्यामुळे, असे माझे मत आहे. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाचा सांधा आपल्या मर्यादेला टेकतो, परंतु ट्रान्समीटर अजून पुढे जाण्याचा आदेश देतच असतो. मोटर अडकते, भरपूर करंट ओढते आणि काही क्षणांतच डबी हाताला गरम लागते. स्टीअरिंग पूर्ण वळवून धरावे आणि गुणगुण बंद होईपर्यंत त्या बाजूचा एंड पॉइंट एकेक अंकाने कमी करावा. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्रपणे लावावी, आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून व पूर्ण सोडूनही ऐकावे, कारण सांध्यांचे कोन बदलले की मर्यादाही बदलते. इंधनावर चालणाऱ्या गाडीत थ्रॉटल व ब्रेकच्या सर्व्होलाही हेच लागू पडते. ब्रेकची दांडी थोडी जरी ताणलेली राहिली, तरी तो अखंड घरघरतो.

थरथर हा वेगळा प्रकार आहे. ट्रान्समीटरने चाके सावकाश वळवावीत. दर वेळी एकाच जागी थरथर होत असेल, तर पोटेन्शिओमीटरचा तेवढा भाग झिजला आहे असे समजावे. ती कोठेही आणि मुख्यतः वेग देताना होत असेल, तर ब्रशच्या मोटरवरील ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर तुटले आहेत का ते पाहावे आणि रिसीव्हर व त्याची अँटेना मोटरच्या तारांपासून दूर न्यावी. बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर व सर्व्होला ठरावीक व्होल्टची वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, व्होल्टही तपासावा. ६ व्होल्टसाठी बनवलेला सर्व्हो दोन सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर थेट चालवला, तर पूर्ण चार्जला त्याला ८.४ व्होल्ट मिळतात, आणि तो थरथरत थरथरत निकामी होतो.

कटकट किंवा खरखर ऐकू आली, तर मात्र गिअर पाहावेच लागतात. हॉर्न हाताने जोर लावून फिरवू नये, कारण नायलॉनचे दाते त्यानेच तुटतात. बॅटरी काढावी, तळाचे चार लांब स्क्रू सोडवावेत, वरचे झाकण सरळ उचलावे आणि काहीही हलवण्यापूर्वी गिअरच्या मांडणीचा फोटो घ्यावा. एकच दाता गेला असला तरी शक्यतो पूर्ण संच बदलावा, आणि तुटलेला कण जुन्या ग्रीसमध्ये रुतून राहणार नाही, याची खात्री करावी. नवे ग्रीस दात्यांवर पातळ थराने लावावे, गिअर नायलॉनचे असतील तर सिलिकॉनचे. पातळ तेल वापरू नये, ते ओघळून पोटेन्शिओमीटरपर्यंत पोहोचते. झाकण बंद केल्यावर हॉर्न न लावताच वीज द्यावी, सर्व्हो दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवून कान देऊन ऐकावा, आणि आवाज सलग एकसारखा येत असेल तरच दांडी पुन्हा जोडावी.