इटलीत समर कॅम्पवर इंग्रजी शिकवायचंय, तेही जोडीनं?

इटलीत शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि थेट सप्टेंबरच्या मध्याला उघडतात. नेमक्या तारखा प्रत्येक प्रांत आपापल्या ठरवतो, पण मुलं तीन महिने घरी आणि आईबाप कामावर, ही अडचण सगळीकडे सारखीच. त्यातूनच तिथे उन्हाळी कॅम्पांचं पेव फुटलंय. साधे खेळाचे कॅम्प चर्चच्या आवारात किंवा नगरपालिकेच्या शाळेत चालतात. इंग्रजीच्या कॅम्पला पालक थोडे जास्त पैसे मोजतात, आणि तिथेच आपल्यासारख्यांना काम मिळतं.

आम्ही दोघं पाडोव्यात राहायचो. मी विद्यापीठात मास्टर्स करत होते आणि नवरा कौटुंबिक निवास परवान्यावर माझ्याकडे आला होता. हे आधी सांगायचं कारण असं की या कामात बहुतेकांचं गाडं कागदांपाशीच अडतं. टुरिस्ट व्हिसावर यायचं आणि ‘स्वयंसेवक’ म्हणून शिकवायचं, असा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. त्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, नोकरी करता येत नाही. राहण्याजेवणाच्या बदल्यात शिकवलं तरी चौकशीत ते कामच ठरू शकतं. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः आधीपासून तिथे राहणाऱ्यांच्या उपयोगाचा.

विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला 20 तास आणि वर्षाला 1,040 तास नोकरी करता येते. माझे तास सकाळच्या वर्गांतच संपायचे. कौटुंबिक परवान्यावर अशी मर्यादा नाही, म्हणून नवरा नऊ ते पाच. कोण काय शिकवणार हे आमच्या आवडीनिवडीनं ठरलंच नाही, परवान्यांनी ठरवलं. शिवाय मुलांशी रोज संबंध येईल अशा कामावर माणूस घेताना त्याचा गुन्हेविषयक नोंदींचा दाखला मागवणं मालकाला 2014 पासून बंधनकारक आहे. तो दाखला कुणी मागितलाच नाही, तर त्या कॅम्पबद्दल जरा सावध राहा. कोदिचे फिस्काले, म्हणजे तिथला कर क्रमांक, नसेल तर करारच होत नाही.

जाहिरातींत ‘मातृभाषा इंग्रजी’ अशी अट सर्रास दिसते. आपण तसं खोटं सांगायचं नाही आणि त्यावरून खट्टूही व्हायचं नाही. 120 तासांचा टेफलचा, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स केलेला असेल तर अर्ज निदान वाचला जातो. सेल्टा, म्हणजे केंब्रिजचं इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र, असेल तर उत्तमच, पण तो महागडा आणि दमवणारा, एका उन्हाळ्यासाठी करण्यात अर्थ नाही. आम्ही मुलाखतीतच ‘दहा मिनिटांचा नमुना तास घेऊन दाखवतो’ म्हणालो. उच्चारांचा विषय तिथेच मिटला. माझं तर मत असं की इंग्रजी शाळेत बसून शिकलेल्या माणसाला मुलाचं घोडं नेमकं कुठे अडतंय ते लवकर कळतं.

आता जोडीचं. अर्ज ‘आम्ही नवराबायको’ म्हणून करू नका, दोन शिक्षक म्हणून करा. दोन वेगळे अर्ज, दोन वेगळे करार. एकाला सुट्टी हवी म्हणून दुसऱ्याचे पैसे अडकायला नकोत. बाहेरगावाहून येणाऱ्या शिक्षकांना बरेच कॅम्प स्थानिक कुटुंबांकडे ठेवतात. जोडप्याला एकाच घरात, एकाच खोलीत जागा मिळेल असं गृहीत धरू नका. कुणाकडे मुलाची रिकामी खोली असते आणि तिच्यात एकच अरुंद पलंग. एक जण एका गावात आणि दुसरा तीस किलोमीटरवर, हेही होतं. म्हणून करारापूर्वी हे सगळं लेखी घ्यायचं. आणि एकाच वर्गावर दोघं कधीही जाऊ नका. मुलं फार चलाख असतात, एकाचं ‘नाही’ दुसऱ्याकडून ‘हो’ करून घेतात.

आम्ही जोडपं आहोत हे मुलांना पहिल्याच दिवशी कळलं. मग काय, जेवणाच्या टेबलावर ताटं वाजवत ‘बाचो! बाचो!’चा गजर. पापा घेतल्याशिवाय थांबेनात. नवऱ्यानं शांतपणे फळ्यावर लिहिलं: पूर्ण इंग्रजी वाक्यात विचारा, मग बघू. दहा मिनिटं सगळं टेबल वाक्य जुळवत बसलं आणि तोवर मूळ मागणी विसरूनही गेलं.

त्याच्याकडे सहा ते आठ वर्षांची मुलं होती. इटलीत इंग्रजी पहिलीपासून सक्तीचं आहे, पण या वयात ते रंग आणि आकड्यांच्या पुढे फारसं गेलेलं नसतं. इथे ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत हमखास चालते. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ती मांडली. आधी ऐकायचं, ऐकलेलं अंगानं करायचं, बोलणं मागाहून. उठा, वळा, बेडूक व्हा, लाल वस्तूला हात लावा. काही मुलं दोन-तीन दिवस तोंडातून एक शब्द काढत नाहीत, पण सगळ्या सूचना बिनचूक पाळतात. त्यांना बोलतं करायच्या मागे लागू नका.

माझा गट अकरा ते तेरा वयाचा. उन्हाळ्यात शाळेत आणून बसवल्याचा राग चेहऱ्यावर स्पष्ट. गाणी, उड्या यांना बालिश वाटतात. एक मुलगा डेस्कखाली पानिनी कंपनीच्या फुटबॉल स्टिकर्सची चळत घेऊन बसलेला दिसला. तिथली मुलं स्टिकर्सची अदलाबदल करताना समोरच्याची चळत भराभर उलगडत ‘चेलो, चेलो, मांका’ म्हणत जातात: आहे, आहे, नाही. ती चळत जप्त करायच्या ऐवजी मी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी आपापली आणायला सांगितली. अट एकच, सगळा सौदा इंग्रजीत. ‘हॅव यू गॉट’, ‘आय नीड’, ‘टू फॉर वन’, ‘नो वे’. एरवी ‘आय हॅव ट्वेल्व्ह यर्स’ म्हणणारी मुलं (त्यांच्या भाषेत वय ‘असतं’, म्हणून ही चूक घरोघरी) तासभर घासाघीस करत होती. त्या सत्रातला माझा सगळ्यात चांगला तास तोच. ज्यांच्याकडे स्टिकर्स नव्हते त्यांना मी दलाल केलं, आणि सगळ्यात जास्त बोलले तेच.

गट वयानुसार पाडलेले असतात, पण एकाच गटात ए वन (अगदी सुरुवातीच्या) आणि बी वन (बऱ्यापैकी बोलणाऱ्या) पातळीची मुलं शेजारी बसतात. पहिल्या सकाळी पाच मिनिटांच्या गप्पांत पातळी ओळखायची आणि बी वनवाल्यांना काहीतरी जबाबदारी द्यायची. मदतीला स्थानिक हायस्कूलची मुलं असतात, शाळेच्या कार्यानुभवाच्या तासांसाठी आलेली. त्यांना फक्त कागद कापायला लावू नका. मुलांना खरी भुरळ त्यांचीच पडलेली असते.

वर्गात शिक्षकानं इटालियन बोलायचं नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तरी दुखतंय का, कुठे, हळू, थांब, एवढं यायलाच हवं. मुलाला संध्याकाळी कोण नेणार याचं लेखी संमतिपत्र असतं, त्याला देलेगा म्हणतात. त्यात नाव नसेल तर सख्ख्या आजोबांनाही मूल द्यायचं नाही, ते कितीही चिडले तरी. लेखी परवानगीशिवाय औषध द्यायचं नाही. ग्लूटेन न चालणारी मुलं बरीच असतात, मधल्या वेळच्या खाऊची यादी रोज तपासा. घामेजलेला शर्ट बदलला नाही तर वारं लागतं, जेवणानंतर दोन-तीन तास पाण्यात उतरायचं नाही, यावर तिथल्या आयांची गाढ श्रद्धा आहे. वाद घालू नका, पाण्याचे फुगे फोडण्याचा कार्यक्रम सकाळी ठेवा.

शुक्रवारी पालकांपुढे कार्यक्रम असतो आणि त्याची तालीम निम्मा आठवडा खाते. मला ते पटत नाही, पण पालक पुढच्या आठवड्याचे पैसे त्यावरूनच भरतात. संवाद कमी, घोषवाक्यं जास्त ठेवा.

संध्याकाळी आम्ही अर्धा तास उद्याची तयारी करायचो. एकाची कल्पना दुसऱ्याच्या वर्गात कामी यायची. जोडीनं काम करण्याचा खरा फायदा हाच. त्यानंतर घरात कॅम्पचं नाव काढायचं नाही. पो नदीच्या खोऱ्यात जुलैत पारा सहज पस्तिशीपार जातो आणि शाळांना बहुधा एसी नसतो. दमलेल्या दोन माणसांनी रात्री कामावर चर्चा केली की भांडणच होतं.

अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. ऑगस्टच्या मध्यात, 15 तारखेच्या फेर्रागोस्तोच्या आगेमागे, सगळा देश सुट्टीवर जातो आणि कॅम्पही बंद असतात. सप्टेंबरचे पहिले दिवस मात्र पुन्हा मिळू शकतात. पैशांचं म्हणाल तर माझा करार नोकरीचा होता, कारण विद्यार्थी परवान्यावर तेवढंच चालतं. नवऱ्याचा करार तात्पुरत्या सेवेचा होता. त्यात 20 टक्के कर आधीच कापला जातो, आणि 77.47 युरोंच्या वरच्या पावतीवर 2 युरोंचा मुद्रांक लावावा लागतो. हा विचित्र आकडा म्हणजे जुने दीड लाख लिरा. मुद्रांक तंबाखूच्या दुकानात मिळतो, पावती द्यायच्या आधीच घेऊन ठेवा.