टब काढण्याआधी

आईचं सहा महिन्यांसाठी यायचं ठरलं, त्या रात्री बाथरूममध्ये टेप लावली. टबची कड १५ इंच. गुडघा बदललेल्या बाईने रोज एवढं ओलांडायचं? टब काढून वॉक-इन शॉवर करायचं ठरलं. इथे कॅलिफोर्नियात टाइल बघत फिरण्याआधी सिटीच्या बिल्डिंग विभागात परमिटची चौकशी करा. बेसिनचा नळ बदलायला सहसा कोणी विचारत नाही, पण टबचा शॉवर करताना पाइप बदलतात. टबचा ड्रेन दीड इंची, शॉवरला दोन इंची लागतो, म्हणजे ट्रॅपसकट (ड्रेनखालचा वळणदार पाइप) जमीन उकरणं आलं.

अर्जाआधी मापं लिहून ठेवा. एरवी शॉवरची आतली जागा किमान १,०२४ चौरस इंच हवी आणि तीत ३० इंची वर्तुळ बसायला हवं. मात्र शॉवरच्या तळाला ६० बाय ३० इंचांचा तयार ट्रे बसवणार असाल तर या हिशेबातून सुटका आहे. आम्ही तेच केलं.

घर १९९४ च्या आधीचं असेल तर सगळ्या बाथरूममध्ये फिरून या. परमिट निघालं की एका फ्लशला १.६ गॅलनपेक्षा जास्त पाणी ओढणारे जुने कमोडही बदलावे लागतात, मग ते दुसऱ्या टोकाच्या बाथरूममधले का असेनात. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. स्मोक अलार्मही वाजवून बघा.

कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स राज्याच्या बोर्डाच्या साइटवर तपासा. ॲडव्हान्स कामाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढाच. आमच्याकडे आलेला पहिला माणूस अर्धे पैसे मागत होता, वर म्हणे, "परमिट कशाला? आत येऊन कोण बघतंय?" त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

टाइल लावायची घाई करू नका. ट्रेचा ड्रेन बंद करून पाणी भरून ठेवायचं आणि इन्स्पेक्टरने ते बघायचं. त्याआधी भिंती झाकल्या तर पुन्हा उघडाव्या लागतील. भिंत उघडी आहे तोवर आधाराच्या दांडीसाठी आत आडवं लाकूड ठोकून घ्या, नुसत्या टाइलवर दांडी टिकत नाही.

आणि हातात धरायचा शॉवर आधीच सांगून ठेवा. टबबरोबर खालचा नळही जातो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर आईने नकाशा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "अरे, मग बादली कुठे भरायची?"