शिष्यवृत्ती विभागातल्या जुन्या फाइली स्कॅन करताना

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जाऊ लागले, तरी महाविद्यालयांच्या शिष्यवृत्ती विभागातली कपाटे अजून भरलेलीच आहेत. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा एकेका योजनेचे वर्षवार गठ्ठे असतात. त्यांत छापील अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, गॅपचे प्रतिज्ञापत्र, मार्कशीट, पासबुकाची झेरॉक्स. त्याहून जुन्या गठ्ठ्यांत विद्यार्थ्यांच्या सह्यांची वाटपपत्रके. लेखापरीक्षकांनी एखादी जुनी फाइल मागितली, की दोन माणसे दिवसभर कपाटात डोके घालून बसतात.

ती फाइल मिनिटभरात समोर यावी, पूर्ण असावी आणि ती त्याच विद्यार्थ्याची असावी, एवढ्यासाठी स्कॅनिंगचा हा खटाटोप. यातली शेवटची अट स्कॅनर पुरी करू शकत नाही, ती सूचीच पुरी करते. म्हणून यंत्राची कोटेशने मागवण्याआधी सूची ठरवा.

सूची नावावर बेतू नका. एकाच वर्गात दोन प्रियांका पाटील निघतात. मार्कशीटवर आडनाव आधी असते, आधारवर नाव आधी, आणि लग्नानंतर आडनावच बदललेले असते. विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, हाच मुख्य क्रमांक धरा. प्रवेश रद्द झाल्यामुळे ज्यांना पीआरएन मिळालाच नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, क्रमांक घ्या, पण त्याच्या आधी ठरावीक अक्षरे लावा, म्हणजे दोन्ही क्रमांकांची गल्लत होणार नाही. त्यापुढे शैक्षणिक वर्ष, योजनेचा संकेतांक, अर्ज क्रमांक, कागदाचा प्रकार आणि पानांची संख्या. एवढे सहा रकाने पुरतात.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, वर्ष. अर्ज एका वर्षी, मंजुरी पुढच्या वर्षी, दुसरा हप्ता त्याच्याही पुढच्या वर्षी, असे नेहमी घडते. सूचीत ज्या शैक्षणिक वर्षाची शिष्यवृत्ती आहे तेच वर्ष लिहा, रक्कम जमा झाल्याचे नाही. दुसरी चूक एक्सेलची. काही विद्यापीठांचा पीआरएन १६ अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते, सोळाव्याचे शून्य करते. हे होताना कोणाच्या लक्षात येत नाही. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच पहिला क्रमांक भरा. कागदाचे प्रकार बारा ते पंधरा ठेवा. चाळीस प्रकार दिलेत, तर भरणारा कंटाळून निम्मे कागद ‘इतर’मध्ये टाकेल.

सगळे स्कॅन करायची गरज नाही. सरकारी अभिलेखांचे वर्गीकरण विभागाला माहीत असतेच: ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. ज्यांची मुदत संपली आहे आणि ज्यांवर लेखाआक्षेप किंवा न्यायालयीन प्रकरण बाकी नाही, त्यांच्या नाशाचा प्रस्ताव आधी मार्गी लावा. त्याच दाखल्याच्या तीन-तीन झेरॉक्स असतील, तर सर्वांत स्पष्ट असलेली एक घ्या. साक्षांकित प्रत आणि साधी झेरॉक्स यांत साक्षांकित प्रतच निवडा.

सुरुवात नव्या वर्षापासून करा. या वर्षी आलेला प्रत्येक कागद आल्या दिवशीच स्कॅन होऊ द्या आणि जुने गठ्ठे प्रवेशाची व अर्जांची गर्दी ओसरल्यावर हातात घ्या. उलट केलेत, तर जुना ढीग उपसता उपसता नवा साठत जातो.

वेळेचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचाच चुकतो. ५,००० फाइली, सरासरी १८ पाने, म्हणजे ९०,००० पाने. मिनिटाला ४० पानांच्या स्कॅनरला हे काम कागदावर साडेसदतीस तासांचे. पण पिना काढणे, दुमडलेले कोपरे सरळ करणे, पाने मोजणे आणि क्रम लावणे याला फाइलीमागे १२ मिनिटे धरली, तर नुसत्या तयारीला १,००० तास लागतात. दिवसाचे सहा तास खरे काम झाले, तर दोन माणसांचे हे सुमारे ८३ दिवस. म्हणून १०० फाइली घड्याळ लावून करून पाहा आणि मंजुरीसाठीचा आकडा त्यावरून काढा. महागडा, वेगवान स्कॅनर घेण्यापेक्षा तयारीच्या टेबलावर एक माणूस वाढवल्याने काम लवकर उरकते.

तयारीत पिना ओढून काढू नका, पिन काढायच्या चिमट्यानेच काढा. स्टेपलरची एक पिन आत गेली, तर रोलर किंवा काच खराब होते. टॅगाची दोरी कापून पाने सुटी करा. फाटलेले, लॅमिनेट केलेले, होलोग्राम असलेले आणि पासबुकासारखे जाड कागद वेगळे काढून सपाट काचेवर स्कॅन करा. फिकट होत चाललेल्या थर्मल पावत्या आधी घ्या. वर्षभरात त्या कोऱ्या होऊ शकतात. प्रत्येक फाइलीच्या वर एक बारकोडचे पान ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअर तिथून आपोआप नवी फाइल सुरू करेल, आणि त्याच पानावर मोजलेली पाने पेनाने लिहा. पुढच्या तपासणीचा आधार तोच आकडा आहे.

स्कॅनर दोन्ही बाजू एकदम घेणारा हवा. त्याच्यात एकावर एक आलेली पाने ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असावा आणि जुन्या कार्यालयीन कामातला लीगल आकाराचा कागदही जावा. रिझोल्यूशन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत. जागा वाचवायला काळे-पांढरे करण्याचा मोह टाळा. तहसीलचा जांभळा गोल शिक्का आणि निळ्या शाईची सही काळ्या-पांढऱ्यात मजकुरात मिसळून जाते आणि दाखल्याचे मोल नेमके त्या शिक्क्यात असते. एक रंगीत पान २५० केबी धरले, तरी ९०,००० पानांना साडेबावीस जीबीच लागतात. ही जागा आज क्षुल्लक आहे. साठवण पीडीएफ-ए स्वरूपात करा. दीर्घकाळ जतनासाठीच ते बनवलेले आहे.

फाइल लहान करण्याच्या, म्हणजे कॉम्प्रेशनच्या, यादीत जेबिग-२ या पद्धतीचा ‘लॉसी’ (थोडा तपशील गाळणारा) पर्याय असेल, तर तो बंद करा. ही पद्धत एकसारखी दिसणारी अक्षरे एकाच साच्यातून छापते. २०१३ साली जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले, की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून निघणाऱ्या प्रतीत अशाने ६ चा ८ होतो, तोही अगदी स्वच्छ, सुबक. खाते क्रमांकात किंवा उत्पन्नाच्या आकड्यात असे झाले, तर चित्राकडे पाहून चूक कधीच कळणार नाही.

पावसाळ्यात कागद दमट होतो, चिकटतो आणि दोन पाने जोडीने आत जातात. गठ्ठा आदल्या दिवशी कोरड्या खोलीत मोकळा करून ठेवा आणि ट्रेमध्ये घालण्याआधी फुलवून घ्या. दोन पानांचा सेन्सर अर्जावर चिकटवलेल्या फोटोलाही अडतो. मग चालवणारा वैतागून सेन्सर बंद करतो आणि पुन्हा सुरू करायला विसरतो. पाने गहाळ होण्याचे मोठे कारण हेच. फोटो असलेले पान काचेवर घ्या, सेन्सरला हात लावू नका. सगळ्या पानांवर त्याच जागी उभी रेघ दिसू लागली, तर स्कॅनरच्या अरुंद काचेवर धूळ बसली आहे. तंतू न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती रोज सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुसा. ‘कोरी पाने वगळा’ ही सोय बंदच ठेवा. रेशनकार्डाच्या आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मागचे फिकट शिक्के यंत्राला कोरे वाटतात.

टेसरॅक्टसारखे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, छापील मराठी बऱ्यापैकी वाचते, पण हाताने भरलेल्या जुन्या दाखल्यांवर त्याचा भरवसा धरू नका. सूची माणसानेच भरायची. पीआरएन दोघांनी वेगवेगळा टाइप करावा आणि न जुळणारे क्रमांक संगणकाने वर काढावेत.

तपासणी स्कॅन करणाऱ्याने करायची नाही. दुसऱ्याने आधी वरच्या पानावरचा आकडा आणि चित्रांची संख्या जुळवायची, पानाच्या दोन्ही बाजूंची वेगळी चित्रे मोजली असतील तर पानांचा आकडा दुप्पट धरून. मग दर वीस फाइलींमागे एक फाइल पान अन् पान पाहायची. त्यात एक जरी पान गहाळ किंवा कापलेले निघाले, तरी तो अख्खा गठ्ठा परत. वाटपपत्रके आणि बँकेच्या याद्या मात्र शंभर टक्के पाहायच्या. तिथे एकेका सहीवर एकेका विद्यार्थ्याचा पैसा पोहोचल्याचा पुरावा उभा आहे.

तपासून झालेल्या प्रत्येक पीडीएफचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा, त्याच दिवशी काढून सूचीत नोंदवा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. प्रकरण उभे राहिल्यावर काढलेला हॅश आधीच्या काळाबद्दल काही सांगू शकत नाही.

या फाइलींत मुलांची जात, घरचे उत्पन्न, आधार आणि बँक खाते एकत्र असते, त्यामुळे पाहण्याचा अधिकार मोजक्यांनाच द्या. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा असू द्या आणि कोणी कधी काय उघडले याची नोंद राहू द्या. लेखापरीक्षकांना मुदतीचा, फक्त वाचण्याचा लॉगिन द्या. बाहेर जाणाऱ्या प्रतीत आधारचे पहिले आठ अंक झाका. दाखले व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवण्याची सवय मोडा. प्रती तीन हव्यात: सर्व्हरवर एक, वेगळ्या डिस्कवर एक आणि इमारतीबाहेर एक. दर तीन महिन्यांनी बाहेरच्या प्रतीतून दहा फाइली परत आणून उघडून पाहा आणि हॅश जुळवा.

कागद लगेच फाडू नका. मुदत आणि लेखापरीक्षण पूर्ण, लेखाआक्षेप निकाली निघालेले, प्राचार्यांची लेखी मंजुरी आणि नष्ट करायच्या फाइलींची सही केलेली यादी, एवढे झाल्यावरच श्रेडर लावा, तोही आडवे-उभे तुकडे करणारा. आधारच्या झेरॉक्स रद्दीवाल्याला किलोवर कधीच द्यायच्या नाहीत.

गठ्ठे सोडताना जातीचे मूळ दाखले, मूळ मार्कशीट, कधी जात पडताळणीचे मूळ प्रमाणपत्रही हाती लागते. घाईत झेरॉक्सऐवजी तेच जोडले गेलेले असते. तयारीच्या टेबलावर यासाठी वेगळे लिफाफे ठेवा, वर पीआरएन लिहा, स्वतंत्र रजिस्टरमध्ये नोंद करा आणि अर्जावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने कळवा. विद्यार्थी आल्यावर ओळख पाहून, सही घेऊन दाखला त्याच्या हाती द्या. पत्र परत आले, तर लिफाफा कुलपात ठेवा, नाशाच्या यादीत घालू नका.