पहिली डर्ट बाइक कशी निवडावी: सह्याद्रीच्या वाटांवर शिकू पाहणाऱ्यांसाठी

डर्ट बाइक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न सीसीचा येतो आणि दुसरा पिकअपचा. हे दोन्ही प्रश्न जरा बाजूला ठेवा. डोंगरवाटेवर नवीन चालक पडतोच, आणि बहुतेक वेळा अगदी कमी वेगात पडतो: ओढ्यातल्या गोट्यावर चाक घसरून, चढावर गाडी बंद पडून, नाहीतर बैलगाडीच्या चाकोरीत पुढचं चाक अडकून. अशा पडण्यात माणसाला फारसं लागत नाही. दमछाक होते ती गाडी उचलताना. तीन-चार वेळा उचलली की हात थरथरायला लागतात, क्लच नीट दाबला जात नाही आणि पुढची पडझड तिथूनच सुरू होते. म्हणून पहिल्या गाडीची माझी कसोटी एकच आहे: आडवी पडलेली ही गाडी उतारावर, दमलेलं असताना, मला एकट्याला उभी करता येईल का?

आधी वाट ठरवा

पुण्याहून वेल्ह्याकडे, मुंबईहून मुरबाडकडे किंवा नाशिकहून त्र्यंबककडे निघालात तरी कच्ची वाट लागेपर्यंत बराच डांबरी रस्ता तुडवावा लागतो. आपल्याकडे या खेळात गाडीची पहिली विभागणी इथेच होते.

काही डर्ट बाइक फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी किंवा खासगी जमिनीवर चालवण्यासाठी विकल्या जातात. त्यांना नंबर प्लेट नसते, बहुतेकांना आरसे, इंडिकेटर नसतात आणि आरटीओत त्यांची नोंदणी होत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही. गावातला पाचशे मीटरचा रस्ताही त्यात आला. अशी गाडी छोट्या हत्तीत घालून न्यायची, चालवायची आणि तशीच परत आणायची. ज्याच्याकडे स्वतःची मोकळी जमीन आहे त्याच्यासाठी हे ठीक आहे. बाकीच्यांनी पहिली गाडी नंबर प्लेटवालीच घ्यावी, जी डांबरावर कायदेशीरपणे चालेल आणि मातीतही उतरेल.

वजन

कंपनी वजनाचे दोन आकडे देते. 'ड्राय वेट' म्हणजे पेट्रोलशिवायचं, आणि 'कर्ब वेट' म्हणजे पेट्रोल, ऑइल यांसकट, म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष उचलायचं आहे ते. तुलना नेहमी कर्ब वेटचीच करा.

सरासरी बांध्याच्या माणसाला १४० ते १६० किलोची गाडी तंत्राने उचलता येते. १७० च्या पुढे दमवणूक वाढते. दोनशे किलोच्या आसपासची गाडी ओल्या चढावर एकट्याने उचलायची म्हणजे शिकणं बाजूला राहतं आणि दिवस त्यातच जातो. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० मला लांबच्या प्रवासासाठी फार आवडते, पण तिचं वजन १९६ किलो आहे. अरुंद वाटेवर शिकायला मी ती कोणालाही सुचवणार नाही.

शोरूमवाले गाडी आडवी करू देणार नाहीत. त्यामुळे ती गाडी असलेला कोणीतरी ओळखीतला शोधा आणि गवताच्या मैदानावर त्याच्या परवानगीने ती हळूच आडवी करा. आधी किल स्विचने (हँडलवरच्या इंजिन थांबवायच्या बटणाने) इंजिन बंद करा. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा आणि गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे ती घरंगळणार नाही. एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात सीटखालची फ्रेम किंवा मागचा दांडा धरा. पाठ सरळ ठेवा आणि जोर मांड्यांनी लावा. उतारावर चाकं वरच्या अंगाला राहून गाडी पडली असेल तर तशी उचलायचा प्रयत्नच करू नका. आधी ती जमिनीवर फिरवून चाकं उताराकडे आणा, निम्मं काम तिथेच होतं. लागोपाठ तीनदा उचलून बघा. तिसऱ्यांदा जमली नाही तर ती गाडी सध्या तुमची नाही.

उंची

डर्ट बाइकची सीट उंच असते, कारण खालून दगड जायला जागा हवी आणि सस्पेन्शनला दबायला वाव हवा. हीरो एक्सपल्स २०० ४व्ही या गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, तिच्या 'प्रो' प्रकाराची ८९१ वर. कागदावर ६६ मिलिमीटर फार वाटत नाहीत, पण पाच फूट पाच इंचाच्या माणसाला तेवढ्याने जमीन हरवते.

अर्थात कागदावरचा आकडा सगळं सांगत नाही. तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन थोडं दबतं, आणि सीट अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात. म्हणून बसूनच बघा, आणि जाड तळव्याचे बूट घालून बघा. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. दोन्ही पायांचे चवडे टेकले, किंवा किंचित सरकून एक पाय पूर्ण टेकला, तरी पुरे. आडव्या उतारावर थांबताना नेहमी डोंगराकडचा पाय टेकवायचा. दरीकडच्या बाजूला जमीन आणखी खाली असते. पाय हवेत जातो आणि गाडी अंगावर येते.

उंची कमी पडत असेल तर आधी सीटचा फोम कमी करून घ्या. लोअरिंग लिंक लावून गाडीच खाली आणली तर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यांतलं अंतर) कमी होतो आणि ज्या कामासाठी गाडी घेतली त्यालाच कात्री लागते.

बसून झालं की फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा, कारण वाटेवर अर्ध्याहून जास्त वेळ उभ्यानेच चालवायचं असतं. गुडघे किंचित वाकवून उभं राहिल्यावर हँडल सहज हातात येतं का? कंबरेत फार वाकावं लागतं का? टाकी दोन्ही गुडघ्यांनी आवळता येते का? हँडल थोडं खाली वाटलं तर रायझर (हँडलखाली बसणारे ठोकळे) लावून वर घेता येतं. टाकी फार रुंद असेल तर मात्र इलाज नाही.

इंजिन आणि ब्रेक

नवशिक्याला १८ ते २० पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप) भरपूर होतात. हवी असते ती कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, मिळणारी ओढ. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट धरून, चालण्याच्या वेगाने गाडी न अडखळता चढली पाहिजे. केटीएम ३९० एन्ड्युरो आर ४६ पीएसची अप्रतिम गाडी आहे, पण दगडातून जाताना हिसका बसून मूठ चुकून पिळली गेली तर ती नवख्याला माफ करत नाही. दुसरी गाडी म्हणून तिचा विचार जरूर करा.

एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, इंजिन साधं असतं आणि त्यात पडून फुटायला रेडिएटर नसतो. लिक्विड-कूल्ड (कूलंट फिरवून थंड होणारी) गाडी हळू चढावर कमी तापते, पण तिला रेडिएटर गार्ड हवाच.

भारतात १२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. सुट्या मुरमाच्या उतारावर हेच एबीएस मागचा ब्रेक पुन्हा पुन्हा सोडतं आणि गाडी थांबत नाही. निदान मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं का, हे विचारून घ्या आणि प्रत्यक्ष करून बघा.

चाकं आणि मडगार्ड

पुढे २१ इंची, मागे १८ इंची, दोन्हीकडे स्पोक. यात तडजोड नको. मोठं पुढचं चाक दगडावरून चढून जातं, लहान चाक त्याला धडकतं. अलॉय व्हील दगडावर तडकतं, स्पोकचं चाक वाकलं तरी गावातला जाणता मिस्त्री ते सरळ करून देतो.

मडगार्डकडे मात्र कोणी बघत नाही. देशावर पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या पाणंदीत शिरलात की टायरला थरावर थर चढत जातो. पुढचं मडगार्ड टायरला चिकटून असेल तर मधल्या जागेत चिखल ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काठीने चिखल उकरत बसा. मडगार्ड उंच असेल तर ही वेळ येत नाही.

प्रत्यक्ष कोणती?

बहुतेकांसाठी माझं उत्तर एक्सपल्स २०० ४व्ही हेच आहे. २१-१८ चाकं, २२० मिलिमीटर क्लिअरन्स, १६० किलोच्या आतबाहेर वजन, एअर-ऑइल कूल्ड इंजिन आणि मुख्य म्हणजे तालुक्याच्या गावीही सर्व्हिस मिळते. पडून क्लच लिव्हर मोडला तर तो परवडतो आणि लवकर मिळतो. ऐन मोसमात गाडी पार्टसाठी महिनाभर उभी राहू नये, हा माझ्या लेखी पाच पीएसपेक्षा मोठा गुण आहे. साधा प्रकार घ्या. 'प्रो'चा मोह उंच आणि थोड्या सरावलेल्या माणसांनीच करावा. २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० जास्त ताकदीची, लिक्विड-कूल्ड आणि वजनाने १७० किलोच्या घरातली आहे. तुमच्या आठवड्यात डांबर जास्त असेल तर ती बरी.

कावासाकी केएलएक्स २३० ही वजनाने १४० किलोच्या आसपासची खरीखुरी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींसाठीची, गाडी. उचलायला सोपी, पण सीट ८८० मिलिमीटरवर आणि टाकी साडेसात लिटरच्या जवळपास. उंची चांगली असेल आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात असेल तर मातीत हिच्यासारखी शिक्षिका नाही. केएलएक्स २३०आर एस मात्र वेगळी, तिची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. नावं सारखी असल्याने बुकिंग करताना नीट बघा.

जुनी घेणार असाल तर

पहिली गाडी जुनी घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ती पडणार आहेच, आणि आधीच ओरखडे असलेली गाडी पाडायला मन कचरत नाही. फक्त सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा आणि मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगा.

खाली वाकून बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) आणि फ्रेमचे खालचे पाइप बघा. बॅश प्लेट पोचलेली असणं साहजिक आहे, पण फ्रेमवर नवीन वेल्डिंग किंवा एकाच ठिकाणी ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. पुढचे शॉकअप दाबून सोडा. नळ्यांवर तेलाची रेघ आली तर सील गेले आहेत. हा खर्च मोठा नसतो, भावात कमी करून घ्या. गाडी मधल्या स्टँडवर किंवा विटांवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मध्ये अडखळलं तर बॉल रेस (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खराब आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ जाणवला तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश झिजलेत. प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारत जा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. एअर फिल्टर उघडायला लावा. तिथे बारीक धूळ पलीकडच्या बाजूला पोहोचलेली दिसली तर इंजिनने माती खाल्लेली आहे, आणि मग गाडी कितीही चकाचक असली तरी सोडा.

कागदांत इंजिन आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ मागा. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी लागेल. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

पैशांची वाटणी

संरक्षक साहित्याचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात गाडी बसवा. घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक ऑफरोड बूट, गुडघे-कोपरांची कवचं, छाती-पाठीचं आर्मर, हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे. बुटांत कंजुषी करू नका. गाडी पायावर पडते तेव्हा ट्रेकिंगचे बूट काही वाचवत नाहीत. गाडीसाठी सुरुवातीला बॅश प्लेट आणि हँड गार्ड एवढंच पुरे. सायलेन्सर बदलण्यात पैसे घालू नका. तो कायद्यातही बसत नाही आणि त्या आवाजाने गावातली माणसं दुखावतात.

जमलं तर गाडी घेण्याआधी एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. २०१५ मध्ये डकार रॅलीत उतरलेले पहिले भारतीय मोटारसायकलपटू सी. एस. संतोष यांनी कर्नाटकात कोलार भागात बिगरॉक ही प्रशिक्षणाची जागा उभी केली आहे. अशा ठिकाणी त्यांच्याच गाडीवर शिकता येतं, आणि आपल्याला किती उंच, किती जड गाडी झेपते हे विकत घेण्याआधी कळतं.

कुठे न्यायची नाही

भीमाशंकर, कोयना, चांदोली अशा अभयारण्य-उद्यानांच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. गडांच्या वाटांवर आणि पायऱ्यांवर गाडी घालू नका. कास आणि तसले सडे (कातळाची सपाट पठारं) दुरून ओसाड दिसतात, पण कातळावरच्या बोटभर मातीत वर्षाचा फुलोरा साठलेला असतो, आणि टायरची एक रेघ तिथे वर्षानुवर्षं राहते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर तर पायाखाली कातळशिल्पं आहेत. शेताच्या बांधावरून जायचं असेल तर मालकाला विचारा. विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि पुढच्या वेळी पाणीही देतात.

गाडी घरी आल्यावर

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली वळवा, उभं राहून बोटं सरळ पोहोचतील इतके. त्यांचे क्लॅम्प हाताने जोर लावल्यावर फिरतील एवढेच आवळा, म्हणजे गाडी पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरेल. फूटपेगवरचे रबर काढून टाका. मातीत उतरताना टायरमधली हवा २० पीएसआयच्या आसपास आणा. ट्यूब असेल तर त्याहून फार खाली नको, दगडावर रिमखाली चिमटून ट्यूब फाटते. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरा. त्यासाठी एक छोटा पंप, दोन टायर लिव्हर आणि २१ इंची एक जादा ट्यूब बॅगेत ठेवा. ती अडचणीला मागच्या चाकातही घालता येते.