डाऊन पेमेंटचा खरा आकडा आधी कागदावर मांडा

पिंपरी-चिंचवडच्या मोशीत वन बीएचके बघायला गेलात की साइटवर ऐकू येतं, ‘ऐंशी टक्के लोन होऊन जाईल.’ खरं आहे ते. पण उरलेल्या वीस टक्क्यांत भागत नाही. मी आणि नवऱ्याने ४५ लाखांच्या फ्लॅटचा हिशोब मांडला: मार्जिन, म्हणजे किमतीतला आपण भरायचा वाटा, ९ लाख, सात टक्के मुद्रांक शुल्क ३ लाख १५ हजार, नोंदणी ३० हजार, बांधकाम चालू म्हणून एक टक्का जीएसटी ४५ हजार. एकूण १२ लाख ९० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ती आपल्याच खिशातून.

म्हणून आधी आकडा खाली आणा, साठवणं त्यानंतर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. पुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्केच. आम्ही चिखलीत ३३ लाखांचं जुनं घर घेतलं. मार्जिन ३ लाख ३० हजार, जीएसटी नाही. घर फक्त माझ्या नावावर केल्याने मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे १ लाख ९८ हजार भरले. नोंदणी धरून ५ लाख ५८ हजार. नवरा सहकर्जदार आहे, पण मालक नसल्याने त्याला व्याजावरची आयकर सवलत मिळत नाही. तुमच्या नवऱ्याचा पगार तुमच्यापेक्षा बराच जास्त असेल तर तेही तोलून बघा.

जुन्या घराचा मालक म्हणेल, ‘चार लाख रोख द्या, बाकीचं ॲग्रीमेंटला दाखवू.’ ठाम नाही म्हणा. बँक करारातली किंमत धरते, त्यामुळे ते चार लाख सगळे तुमच्या अंगावर येतात. शिवाय जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

पैसे जमवताना आधी पीएफ बघा. घरासाठी त्यातून रक्कम काढता येते आणि ती परत फेडायची नसते. पर्सनल लोन काढून मार्जिन भरू नका. त्याचा हप्ता बँक तुमच्या ऐपतीतून वजा करते आणि गृहकर्जच कमी बसतं. आईवडील मदत करणार असतील तर पैसे खात्यातून घ्या. त्यांनी दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, फक्त तसं साधं पत्र लिहून ठेवा. दागिने मोडायचेच असतील तर अगदी शेवटी, रजिस्ट्रेशनची तारीख पक्की झाल्यावर.

नव्या प्रकल्पात रेरा कायदा तुमच्या बाजूने आहे: करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. घर नवं असो वा जुनं, टोकन देण्याआधी बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्या, आणि कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत, ही अट पावतीवरच लिहून घ्या.