हिब्रू पंचांगग्रंथातील वर्ष आणि अमावास्या कशी वाचावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील ज्या घरांत मोडी कागदांची बासने जपलेली आहेत, तेथे शक आणि इसवी सन यांचा मेळ घालण्याची सवय अनेकांना असते. मध्ययुगीन हिब्रू पंचांगग्रंथांना हीच सवय लावावी, कारण तेही पंचांग चांद्रसौर आहे. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘क्तीव’ या संकेतस्थळावर अशा पोथ्यांच्या प्रती पाहता येतात.

प्रथम पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटी लेखनिकाने केलेली नोंद, शोधावी. हिब्रूत अक्षरेच अंक असतात आणि वर्षातील हजार बहुधा गाळलेले असतात. रेश (२००), लामेद (३०), गिमेल (३) अशी अक्षरे आली तर २३३, म्हणजे ५२३३ समजावे. हजार गाळलेल्या आकड्यात (२३३) १२४० मिळवले की इ. स. १४७३ मिळते. मात्र वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने तिश्री या पहिल्या महिन्यासाठी आणि त्यापुढच्या महिन्यांसाठी, डिसेंबरअखेरपर्यंत, १४७२ धरावे. लेखनिक कधी बायबलच्या वचनातील अक्षरांवर खुणा करून वर्ष लपवतात. तेथे फक्त खुणेची अक्षरे मिळवावीत.

यानंतर पडताळा घ्यावा, आणि माझ्या मते ही पायरी कधीच गाळू नये. वर्षाला १९ ने भागून बाकी ३, ६, ८, ११, १४, १७ किंवा ० उरली, तर ते अधिक मासाचे वर्ष होय. ५२३३ ची बाकी ८, म्हणून त्या वर्षी अदार या महिन्याचे दोन महिने आहेत आणि आपल्याप्रमाणेच अधिक महिना आधी येतो. साध्या वर्षात ‘दुसरा अदार’ दिसला, तर ‘हे’ (५) आणि ‘हेत’ (८) ही सारखी दिसणारी अक्षरे पुन्हा तपासावीत.

कोष्टकांत तासाचे १०८० हलाकिम (भाग) असतात, म्हणजे आपल्या एका घटिकेचे ४३२. त्यांचा चांद्रमास २९ दिवस, १२ तास, ७९३ हलाकिमांचा, अर्थात २९ दिवस, ३१ घटिका, ५० पळांचा आहे. मोलादचे, म्हणजे गणिताने काढलेल्या अमावास्येच्या क्षणाचे, तास आदल्या सायंकाळच्या सहापासून मोजतात. ‘वार ३ (मंगळवार), तास ५’ म्हणजे सोमवारी रात्री अकरा, तेही परंपरेने जेरुसलेमचे. भारतीय प्रमाणवेळेसाठी सुमारे ३ तास ९ मिनिटे मिळवावीत. तरीही भिंतीवरच्या पंचांगातील अमावास्येशी ही वेळ जुळणार नाही. मोलाद ही मध्यम (सरासरी गतीने काढलेली) सूर्य-चंद्र युती आहे, तर आपली अमावास्या स्पष्ट (प्रत्यक्ष) युती असते, त्यामुळे फरक कधी बारा-चौदा तासांचाही पडतो. स्पष्ट युतीसाठी तारास्कोनच्या इमॅन्युएल बोनफिल्स यांची १४ व्या शतकातील ‘शेश केनाफायिम’, अर्थात सहा पंख, ही कोष्टके उघडावीत.