सबस्टेशनबद्दल उमेदवाराला काय विचारावं

सोलापुरात महापालिकेच्या निवडणुकीत तुमच्या प्रभागात ३३/११ केव्ही सबस्टेशन (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणारं उपकेंद्र) प्रस्तावित असेल, तर आधी कुणाच्या हातात काय आहे ते पक्कं करा. उभारणी वीज वितरण कंपनी महावितरणची, १३२ केव्ही आणि त्यावरचं वीज पारेषण कंपनी महापारेषणचं. नगरसेवक ते मंजूर करत नाही, रद्दही नाही. त्यामुळे ‘निवडून आलो की हलवतो’ हे उत्तर वहीत लिहूच नका.

महापालिकेचा संबंध जागा आणि रस्ताखोदाईशी. म्हणून विचारा: जागा विकास आराखड्यात कशासाठी राखीव आहे? आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती मागवाव्या लागतात. तेव्हा सभागृहात मत कोणत्या बाजूला? केबल टाकल्यावर रस्ता कोण, कधी दुरुस्त करणार? (खरी रड इथेच असते.)

३३ केव्हीची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान २ मीटर, उभी ३.७ मीटर हवी. हे आकडे सांगून ‘भूमिगत केबलचा आग्रह धराल का?’ असं विचारा.

यंत्रमागवाल्यांना विजेचा कमी दाब छळतो, शेजाऱ्यांना ट्रान्सफॉर्मरचा आवाज. दोघांसमोर उमेदवाराला एकच प्रश्न विचारा. उत्तर बदललं तर तेही तारखेसह टिपा.